परदेशी गिऱ्हाईक: संस्कृतीच्या फरकाने सौदा खरंच अडतो का?

सांगलीची_हळद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची सांगलीला हळदीची अडत आहे, आजोबांपासूनची. निर्यातीचं काम आता मी बघतो. आखातात आणि बांगलादेशात माल नेहमीचा जातो, युरोपात थोडी पावडर जाते आणि आता एक जपानी गिऱ्हाईक लागलंय, म्हणजे लागलंय की नाही तेच कळत नाहीये, त्याबद्दल खाली लिहितो.

परवा पुण्यात निर्यातदारांसाठी एक कार्यक्रम होता. वक्ते दोन तास सांगत होते की जपान्यांना कार्ड दोन्ही हातांनी द्या, चार हा आकडा टाळा, अरबांना डाव्या हाताने काही देऊ नका वगैरे. सगळं खरंच असेल, पण यामुळे माझा एक तरी कंटेनर जास्त जाईल का हे काही मला समजेना. माझं मत असं की व्यापार चालतो भाव, दर्जा आणि पैशाची वेळ या तीन गोष्टींवर. ऑर्डर हुकली, माल परत आला की "त्यांची संस्कृती वेगळी हो" म्हणून मोकळं होता येतं, खरं कारण शोधायला नको. युरोपला कीटकनाशकाचा अंश चालत नाही हा तिथला कायदा आहे, त्यात संस्कृती कुठे आली?

आता जपानी. दिवाळीपासून त्यांच्या मेल येतायत आणि प्रत्येक मेलला एक प्रश्नावली जोडलेली. हळद कुठल्या गावची, शिजवायला पाणी कुठलं, वाळवताना खाली काय अंथरता, पॉलिशच्या ड्रममध्ये काय घालता, गोदामात आधी कुठला माल होता. भाव अजून एकदाही विचारलेला नाही! वडील म्हणतात सोड नाद, तेवढ्या वेळात दुबईला चार गाड्या भरून झाल्या असत्या. मला सोडवत नाही आणि धरूनही काही हाती लागत नाही.

तर ज्यांनी परदेशी लोकांबरोबर प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा, हा फरक खरंच व्यापार अडवतो का, की नुसतं भाषणापुरतंच आहे?

पेरूची_फोड

वाचतोय. पॉपकॉर्नऐवजी हळदीचं दूध घेऊन बसलोय.

चाकणचा_इंजिनिअर

धागाकर्त्याशी अर्धा सहमत. कार्ड दोन हातांनी दिलं की एका हातानं याने काहीच होत नाही, समोरच्याला माहीत असतं आपण परदेशी आहोत.

पण मी जर्मन कंपनीत पर्चेसला आहे, सप्लायर सगळे इथले, भोसरी, चाकण, थोडे औरंगाबादचे. तिथे रोज जे बघतो ते सांगतो. जर्मन माणूस विचारतो पार्ट १५ तारखेला मिळेल का. आपला माणूस म्हणतो हो सर, नक्की. त्याला आतून माहीत असतं की डाय (साचा) अजून दुरुस्तीला गेलाय, पण तोंडावर नाही कसं म्हणायचं, आणि प्रयत्न करणारच आहोत की. मग १४ ला रात्री फोन, सर दोन दिवस लागतील. जर्मनाला दोन दिवसांचा राग नसतो, तो म्हणतो तुला ५ तारखेला माहीत होतं तर तेव्हा का नाही सांगितलं, मी लाइनचं प्लॅनिंग बदललं असतं. त्याच्या दृष्टीने हा माणूस खोटं बोलला, आपल्या दृष्टीने आपण मान राखला. दोघंही प्रामाणिक आणि पुढची ऑर्डर गेली.

यात भाव उत्तम होता, दर्जा उत्तम होता. मग अडलं कुठे?

मस्कतकर

छान धागा. आमचं आयुष्य आखातात गेलं, आधी दुबई मग मस्कत, किराणा मालाचा घाऊक धंदा.

सांगलीकर, तुम्हाला आखातात संस्कृतीची अडचण वाटत नाही कारण तुमच्यासाठी ती आधीच कुणीतरी सोडवून ठेवली आहे. दुबईत देऱ्याच्या अल रास बाजारात जा, मसाल्याच्या पेढ्यांवर गुजराती, सिंधी, इराणी, मल्याळी सगळे सापडतील, तुमची हळकुंडं त्यांच्या हातात पडतात आणि ते पुढे अरबाला, इराण्याला, आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाला विकतात. हे आजचं नाही. १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, तिथे रुपयाच चालायचा. १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा बहुतेकांनी तो सोडला, ओमानात तर १९७० पर्यंत चालला. मस्कतमध्ये कच्छी भाटियांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एवढी जुनी ओळख असली की माणसाला वाटतं इथे संस्कृतीचा प्रश्नच नाही.

थेट अरब मालकाशी सौदा करायला बसा मग कळेल. मी पहिल्यांदा एका मोठ्या घाऊकवाल्याकडे गेलो, मजलिसमध्ये म्हणजे बैठकीच्या खोलीत बसवलं, खजूर आले, छोट्या बिनकानाच्या कपात काहवा (अरबी कॉफी) आला. कप रिकामा झाला की पोरगा परत भरतो, नको असेल तर कप हातात जरासा हलवून परत द्यायचा. मालक माझ्या वडलांची तब्येत विचारतोय, मुंबईच्या पावसाचं विचारतोय, मध्येच दुसरे लोक येतायत त्यांच्याशी बोलतोय, फोन घेतोय. मी हळूच दरपत्रक पुढे केलं तर त्याने ते न बघता बाजूला ठेवलं आणि परत गप्पा. उठताना म्हणाला उद्या ये. असं होत होत एक दिवस त्यानेच विचारलं भाव काय, आणि पाच मिनिटांत संपलं. त्यानंतर त्या घरचा माझ्याकडचा माल कधी तुटला नाही, मंदीतसुद्धा. तुमच्या जपान्याची प्रश्नावली आणि आमचा काहवा यात मला फार फरक दिसत नाही.

व्यवहाराचं एक: सुट्ट्या बघून ठेवा. सौदीने २०१३ ला गुरुवार-शुक्रवार बदलून शुक्रवार-शनिवार केला, अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार केला (शुक्रवारी अर्धा दिवस), ओमान अजून शुक्रवार-शनिवार. बँकेची कागदपत्रं अशा वेळी अडकतात. रमजानमध्ये कामाचे तास कमी, पण खाण्याच्या मालाची मागणी त्याच्या आधीच वर जाते, म्हणून माल आधी पोचला पाहिजे. आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो हे विसरू नका.

द्राक्षबाग_निफाड

युरोपचं म्हणाल तर धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. २०१० ला आमच्या भागातल्या लोकांनी जे भोगलं ते अजून आठवतं. क्लोरमेक्वॅट म्हणजे ज्याला आम्ही सीसीसी म्हणतो ते वाढरोधक, त्याचा अंश सापडला म्हणून युरोपात द्राक्षाचे कंटेनर अडकले. इथून पास होऊन गेलेला माल! त्या रसायनाची तपासणीच आपल्या यादीत नव्हती. कितीतरी बागायतदार त्या साली कर्जात गेले. तिथे कुणाला दोन हातांनी कार्ड देऊन काही झालं नसतं. अपेडाचं (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणारी यंत्रणा, २००६ पासून होतंच, नंतर तपासणीची यादी वाढली, आता प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, लॅबचा रिपोर्ट याशिवाय द्राक्ष हलत नाही.

कायदा पाळा, माल जातो. सोपं आहे.

नागपुरी_संत्रं

@द्राक्षबाग_निफाड दादा, पण तो कायदा आला कुठून? युरोपात ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास शून्यच. सिद्ध होईपर्यंत धोका आहेच असं धरायचं ही त्यांची पद्धत. अमेरिकेत तसं नाही. मसाल्यांचंच बघा, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेला मसाला अमेरिकेत मर्यादेत चालतो, युरोपात ते वापरायलाच बंदी. २०२० ला आपल्याकडून गेलेल्या तिळात ते सापडलं आणि त्या तिळाचे पाव, बिस्किटं, काय काय युरोपभरच्या दुकानांतून परत घेतलं गेलं. शास्त्र तेच, लॅबची यंत्रंही तीच, पण कशाची भीती जास्त धरायची हे त्या त्या समाजाने ठरवलंय.

आणि ग्लोबलगॅप (माल नियमाने पिकवल्याचं प्रमाणपत्र) तर सरकारी कायदाही नाही. १९९७ ला युरोपातल्या किरकोळ दुकानदारांनी आपसात सुरू केलं (तेव्हा युरेपगॅप), कारण त्यांचं गिऱ्हाईक विचारायला लागलं की हे पिकवलं कसं. म्हणजे लंडनच्या बाईच्या मनातली शंका निफाडच्या बागेतल्या संडासाच्या नियमापर्यंत आली.

द्राक्षबाग_निफाड

संडासाचं खरंय, मजुरांसाठी हात धुवायची सोय आणि संडास लागतोच. आमच्याकडच्या बायका म्हणतात हे एक त्या गोऱ्यांनी बरं केलं.

सोलापूरची_सून

मी सोलापुरात टेरी टॉवेलचा कारखाना चालवते, सासऱ्यांनी सुरू केलेला. धागाकर्त्याचं मत मला पटत नाही आणि का ते टॉवेलवरूनच सांगते.

अमेरिकन गिऱ्हाइकाला टॉवेल जाड, गुबगुबीत, मोठा हवा, जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) जितका जास्त तितका त्याला भारी वाटतो. जपानी गिऱ्हाइकाने तोच टॉवेल हातात घेतला आणि पहिला प्रश्न, हा घरात वाळेल का? त्यांची घरं लहान, पावसाळा दमट, दोरीवर जागा नाही, त्यांना पातळ आणि लहान हवा, आपल्या पंचासारखा, पण सूत उत्तम आणि कडेची शिवण अशी की आत-बाहेर ओळखू येऊ नये. म्हणजे एकाचा दर्जा तो दुसऱ्याची अडचण. तुम्ही म्हणता "दर्जा" चांगला हवा, पण दर्जा म्हणजे काय हेच तर देशागणिक बदलतं.

पुढचं ऐका. जपानात शेजारी राहायला आलं की ओळख म्हणून टॉवेल द्यायची रीत आहे, कंपन्याही नवीन वर्षाला नाव छापून गिऱ्हाइकांना टॉवेल देतात. तैवानमध्ये मात्र अंत्यविधीला आलेल्यांना घरचे लोक टॉवेल देतात, म्हणून तिथे कुणाला भेट म्हणून टॉवेल देणं अगदी अशुभ. आमच्या इथल्या एकाने नमुन्यांचा सुंदर गिफ्ट बॉक्स करून तैपेईच्या पार्टीला पाठवला होता. उत्तरच आलं नाही. का नाही आलं हेही त्यांनी सांगितलं नाही, ते नंतर एका एजंटकडून कळलं.

आणि एक गोष्ट पुरुष मंडळी लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. फ्रँकफर्टला जानेवारीत हाइमटेक्स्टील हे घरगुती कापडाचं प्रदर्शन भरतं, स्टॉलवर मी आणि माझा पुतण्या असतो. काही देशांचे खरेदीदार येतात आणि भावाची बोलणी सरळ पुतण्याशी सुरू करतात, मी समोर उभी. तो पोरगा हुशार आहे, तो म्हणतो भाव काकू ठरवतात, मी फक्त सूत मोजतो. बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. काही जण उठून जातात, मीही अडवत नाही. पण गेलेली ऑर्डर ही गेलेलीच असते ना, ती कुठल्या हिशेबात धरायची? भावात की दर्जात?

पेरूची_फोड

काकू _/\_ आणि पुतण्यालाही.

चाकणचा_इंजिनिअर

+१ सोलापूरची_सून. दर्जा म्हणजे काय, हा मुद्दा एकदम पटला.

कट्ट्यावरचा_अण्णा

संस्कृतीमुळे मोठ्या कंपन्या आपटल्याचं ठरलेलं उदाहरण वॉलमार्ट. १९९७ च्या शेवटी जर्मनीत गेले, दारात हसून स्वागत करणारी माणसं ठेवली, कॅशियरला सांगितलं गिऱ्हाइकाकडे बघून हसा. जर्मन लोक बिचकले. २००६ मध्ये ८५ दुकानं विकून परत.

नागपुरी_संत्रं

अण्णा, हे उदाहरण सगळीकडे सांगतात आणि त्यातला हसण्याचाच भाग लोकांना आवडतो. पण तिथे आल्डी आणि लिडल आधीच इतके स्वस्त होते की वॉलमार्टचं हुकमाचं पान चाललंच नाही. खरेदीपेक्षा कमी भावात विकायला जर्मन कायद्याने आडकाठी, २००० मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने त्यांना दूध, तेल असल्या वस्तूंचे भाव वाढवायला लावले होते. दुकानांच्या वेळांवर बंधनं, कामगार संघटनांशी भांडण. नुसतं हसण्याने ८५ दुकानं बुडत नाहीत. इथे धागाकर्त्याचा मुद्दा बरोबर आहे, जिथे हिशेब चुकतो तिथे संस्कृतीचं नाव पुढे करायची सवय असते.

कट्ट्यावरचा_अण्णा

मान्य. मग मॅक्डोनाल्डचं घ्या, १९९६ ला इथे आले ते गोमांस, डुकराचं मांस बाजूला ठेवून, आणि बर्गरमध्ये बटाट्याची टिक्कीही घातली. त्यांनी आधीच ओळखलं म्हणून टिकले.

नागपुरी_संत्रं

हे मान्य.

अवांतर_आजोबा

अवांतर होतंय पण राहवत नाही. इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ मध्ये एक हस्तिदंती बाई सापडली, दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दासी. नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात भोकरदनला आणि तेरला सापडल्यात. व्हेसुव्हियस फुटला इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे त्याच्या आधीच आपल्याकडचा माल तिथे कुणाच्या तरी घरात होता. त्याच काळातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदीत पैठणचे अकीक आणि तेरचं कापड भडोचला गाड्यांतून उतरतं असं लिहिलंय. रोमी माणसाला ती बाई कोण हे कदाचित माहीतही नसेल, त्याला ती आवडली, त्याने घेतली. फरक होता म्हणूनच तर विकली गेली! सगळं सारखं असतं तर कशाला कोण समुद्र ओलांडतो. अडथळा म्हणूनच का बघायचं फरकाकडे?

सोलापूरची_सून

आजोबा हे अवांतर नाहीच, हाच तर विषय आहे.

बीकेसीवाला

हिऱ्याच्या बाजारात नोकरी करतो. आमच्याकडे फरकाचं उत्तर कसं काढलंय ते सांगतो. अँटवर्पमध्ये एकेकाळी धंदा मुख्यतः ज्यूंच्या हातात, मग पालनपुरी जैन आले, आता तिथे दोघंही आहेत, शिवाय लेबनीज वगैरे. धर्म वेगळा, जेवण वेगळं, भाषा वेगळी. तरी लाखोंचा सौदा हात मिळवून "माझल" म्हटलं की पक्का, जैन व्यापारीही हेच म्हणतो, हा ज्यूंचा हिब्रू शब्द. कागद नंतर.

लोकांना वाटतं हा नुसता विश्वास. तसं नाही. बोर्सचा (हिरे बाजाराचा) सभासद शब्दाला फिरला तर लवाद बसतो, नाव फलकावर लागतं आणि दुनियाभरच्या बोर्सेसना कळतं, मग त्याच्याशी कोणी व्यवहार करत नाही. म्हणजे संस्कृती वेगळ्या असल्या तरी धंद्याची एक तिसरीच संस्कृती दोघांनी मिळून उभी केली आणि तिला दात दिले. पण याची दुसरी बाजू पण आहे, बाहेरच्या माणसाला त्यात शिरणं फार अवघड. ओळख देणारा कोणी नसेल तर तुमचा हिरा कितीही चांगला असो, पाकीट कोणी उघडत नाही.

अर्थाचा_अनर्थ

अर्थशास्त्र शिकवतो म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

देशादेशांतल्या व्यापाराचा अंदाज बांधायची एक जुनी रीत आहे, १९६२ ला टिनबर्गेन यांनी मांडली. दोन देशांचा आकार जितका मोठा तितका व्यापार जास्त, अंतर जितकं जास्त तितका कमी. नंतरच्या लोकांनी त्यात भर घातली तेव्हा दिसलं की भाषा एक असेल, पूर्वी एकाच साम्राज्यात असतील तर व्यापार अंतरावरून वाटतो त्यापेक्षा बराच जास्त होतो. मस्कतकरांनी रुपयाचं लिहिलंय ते याच जातीचं. २००९ मध्ये तीन इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी, गुइसो, सापिएन्झा आणि झिंगालेस यांनी, युरोपातल्या लोकांना एकमेकांच्या देशांबद्दल किती भरवसा वाटतो याच्या पाहण्या घेऊन व्यापाराशी ताडून बघितल्या. भरवसा कमी तिथे व्यापारही कमी, आणि हा परिणाम सगळ्या मालावर सारखा नाही. ज्या मालाचा दर्जा डोळ्याला लगेच दिसत नाही तिथे तो जास्त.

हे धागाकर्त्याच्या कामाचं आहे. राऊख नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मालाचे तीन भाग केले: ज्याचा भाव बाजारात जाहीर लागतो तो, ज्याचा भाव छापील पत्रकात मिळतो तो, आणि ज्याला असा भावच नाही, प्रत्येकाचा माल वेगळा. पहिल्या प्रकारात विकणारा कोण हे फारसं कोणी विचारत नाही. तिसऱ्यात ओळख, भाषा, मध्यस्थ, जातभाई यांचं वजन सगळ्यात जास्त पडतं.

हळकुंडाचा वायदा आपल्याकडे एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात चालतो. तुम्ही दुबईला पाठवता तो पहिल्या प्रकारचा माल, रंग बघितला, लांबी बघितली, मोडून बघितलं, भाव ठरला. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, संस्कृतीने फार काही अडत नाही. जपानी मागतोय ती हळद मात्र तिसऱ्या प्रकारातली आहे. तो ती कोणाला तरी पेयात, गोळीत घालून विकणार. पावडर डोळ्यांनी बघून त्याला काहीच कळत नाही, म्हणून तो हळद सोडून तुम्हाला तपासतोय.

पेरूची_फोड

सर, असं शिकवलं असतं तर मी बी.कॉम. ला अर्थशास्त्रात बरे मार्क मिळवले असते.

लासलगाव_एक्स्प्रेस

सगळे गिऱ्हाइकांच्या संस्कृतीवर बोलतायत, आपल्या सरकारच्या सवयीवर कोण बोलणार? २०१९ ला सप्टेंबरमध्ये कांदा निर्यातबंदी, २०२० ला सप्टेंबरमध्ये परत, २०२३ ला डिसेंबरमध्ये परत, ती थेट मे २०२४ ला उठली आणि तेव्हा वर ४० टक्के शुल्क लावलं. बंदरावर कांदा सडला. ढाक्याच्या, क्वालालंपूरच्या खरेदीदाराला आपला झणझणीत लाल कांदाच आवडतो, युरोपातला पिवळा मिळमिळीत कांदा त्यांच्या जेवणाला चालत नाही, म्हणजे आवडीनिवडीने बाजार आपला होता. पण तो किती वेळा तोंडघशी पडणार? मग तो पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा घेतो आणि हळूहळू लोकांच्या जिभेला त्याचीही सवय होते. एकदा सवय गेली की परत आणता येत नाही.

१९७३ ला अमेरिकेने असंच सोयाबीन अचानक थांबवलं होतं, जपानला धक्का बसला आणि त्यांनी ब्राझीलमध्ये पैसा घालून तिथे सोयाबीन उभं केलं. आज ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे. शब्द पाळणं ही जर संस्कृती असेल तर ती देशाचीपण असते, नुसती व्यापाऱ्याची नाही.

द्राक्षबाग_निफाड

लासलगाव, शंभर वेळा सहमत. यावर वेगळा धागा काढा, आम्ही येतो.

भिवंडीचा_भाऊ

चीनचं कोणीच लिहिलं नाही. मशिनरी आणतो तिथून. एकच सांगतो, कॅलेंडर. आपली दिवाळी आणि त्यांचं नवीन वर्ष यांच्या मधल्या दोन-तीन महिन्यांत सगळं बसवावं लागतं. त्यांच्या नवीन वर्षाला कामगार गावी जातात, कारखाना दोन-तीन आठवडे ठप्प, आणि परतताना सगळे येत नाहीत, नवीन पोरं असतात, त्यामुळे सुट्टीनंतरचा पहिला लॉट मी घेत नाही. घेतलाच तर भरण्याआधी तिसऱ्या माणसाकडून तपासणी. आणि करारावर सही झाली म्हणजे संपलं असं समजू नका, त्यांच्या लेखी तिथून बोलणी सुरू होतात. चिडायचं नाही, आपणही काहीतरी मागायचं.

ओसाकातून_मेघना

उशिरा आले. मी पुण्यात जपानी शिकले, आता इथे दुभाषी म्हणून काम करते, त्यात महाराष्ट्रातल्या कंपन्या बऱ्याच.

आधी एक प्रसंग सांगते म्हणजे धागाकर्त्याला अंदाज येईल. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीचे मालक कास्टिंगचा भाव घेऊन आले होते. समोर सहा जपानी. मालकांनी भाव सांगितला, मी सांगितला. शांतता. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ कागदाकडे बघत राहिले, एकाने वहीत काहीतरी लिहिलं, पंख्याचा आवाज येत होता. मालकांना ती शांतता सोसवेना, ते मला म्हणाले सांगा त्यांना पाच टक्के कमी करतो. मी सांगितलं. परत शांतता. मालक म्हणाले बरं, आणखी तीन. आता समोरच्या लोकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. संध्याकाळी त्यांच्यातला एक जण मला विचारत होता, इतक्या पटकन आठ टक्के उतरतात म्हणजे पहिला भाव कशाच्या आधारावर होता? लोखंडात काही कमी करणार आहेत का? तो पहिला भाव त्यांना मान्य होता हो! ते फक्त विचार करत होते.

पुढच्या बैठकीच्या आधी मी मालकांना म्हटलं, भावाबरोबर हिशेब द्या, पिग आयर्न किती, वीज किती, मशीनिंग किती. त्यांनी दिला. मग तोच भाव टिकला.

आता प्रश्नावली. सांगलीकर, ही तुमची चाळणी चाललेली नाही, तुमचा सौदाच चाललेला आहे. इथे एक माणूस "घेऊ या" म्हणत नाही. खरेदीवाल्याने कागद तयार करायचा, मग तो दर्जावाले, कायदेवाले, गोदामवाले, वरचे साहेब अशा एकेकाच्या टेबलावर फिरतो आणि प्रत्येकाचा शिक्का लागतो. प्रत्येक टेबलावर एक प्रश्न निघतो आणि तो तुमच्याकडे येतो. नवीन प्रश्न येतायत याचा अर्थ कागद पुढच्या टेबलावर गेलाय. तेच तेच प्रश्न परत आले तर मात्र समजा कुठेतरी अडलाय, म्हणजे आधीच्या उत्तराने कोणाचं तरी समाधान झालं नाही. भाव शेवटी. वेळ लागतो, पण एकदा ठरलं की दर वर्षी बदलत बसत नाहीत.

आंब्याचंच बघा, फळमाशीमुळे १९८६ ला जपानने आपला आंबा बंद केला तो २००६ ला उघडला. वीस वर्षं! उघडला तेव्हाही उष्ण वाफेची प्रक्रिया आणि हंगामात त्यांचा तपासनीस इथे येऊन बघणार अशा अटीवर. हापूस, केशर तसेच होते, चव तीच. त्यांना चव नको होती असं नाही, खात्री हवी होती.

आणि इथे हळदीला बाजार चांगला आहे, दारू पिण्याआधी हळदीचं पेय पिणारे ऑफिसवाले खूप आहेत, स्टेशनवरच्या प्रत्येक दुकानात त्याच्या छोट्या बाटल्या दिसतात.

मस्कतकर

मेघनाताई, नवीन प्रश्न म्हणजे कागद पुढे सरकला, हे फार मोलाचं सांगितलंत.

सांगलीची_हळद (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. मेघनाताईंचं वाचून सगळ्या मेल काढून एकाखाली एक लावल्या. सुरुवातीचे प्रश्न लागवडीचे, मग शिजवणं-वाळवणं, मग शिसं आणि रंगाचे रिपोर्ट, आणि परवाचे प्रश्न पोत्यांचे, पॅलेटचे, कंटेनरमध्ये ओल किती धरते याचे. म्हणजे कागद गोदामवाल्याकडे पोचलाय तर!

माझं मूळ मत दुबईच्या मालापुरतं मी अजून धरून आहे, अनर्थ सरांनी त्याला आधारही दिलाय. बाकी सोलापूरच्या ताईंनी दर्जाचं जे लिहिलंय त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांना धागा वाचून दाखवला, काहव्याचं ऐकून म्हणाले हे आपल्याकडेही होतं, पेवातली हळद घ्यायला आलेला व्यापारी आधी जेवायचा, मग बोलायचा.

एक अडचण उरलीय. वाळवताना खाली काय, याला मी "स्वच्छ पृष्ठभाग" असं उत्तर दिलं होतं, त्यावर फोटो मागितलेत. बहुतेक शेतकरी ताडपत्रीवर वाळवतात, काही जण शेणाने सारवलेल्या खळ्यावर. खळ्याचं सांगू का? की फक्त ताडपत्रीवाल्यांचे फोटो पाठवू?

चाकणचा_इंजिनिअर

सांगा. ५ तारखेलाच सांगा, १४ ला नको. :)

ओसाकातून_मेघना

दोन्हीचे फोटो पाठवा, आहेत तसे, मुद्दाम झाडून-पुसून काढलेले नकोत. बरोबर लिहा की तुमच्यासाठीचा माल फक्त ताडपत्रीवर वाळवलेला असेल, त्या शेतकऱ्यांची गावं ही, आणि तो माल पोत्यावर वेगळी खूण करून वेगळ्या कप्प्यात ठेवू. खळ्याचं लपवलंत आणि त्यांचा माणूस फेब्रुवारीत तिथे आला (येईल, धरूनच चाला) तर रस्त्यावरूनच त्याला दिसेल. ताडपत्रीचा रंग जातो का, हा पुढचा प्रश्न असणार आहे, त्याचं उत्तर आत्ताच तयार ठेवा, शक्य असेल तर ताडपत्री बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. उत्तराचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी जपानीत करून देते.

सांगलीची_हळद (धागाकर्ता)

व्यनि केलाय ताई. ताडपत्रीवाल्याला फोन लावतोय.